कुशीचा दगड : ‘जेड’ या शब्दाची जन्मकथा आणि त्याची मराठी नोंद

अध्यक्षमहाराज, वाचनालयाचे कार्यवाह आणि भाषेच्या ओढीने भर दुपारी इथवर आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

पत्रिकेत आजचा विषय ‘खनिजांची नावे आणि मराठी कोश’ असा छापला आहे, आणि व्याख्यानाच्या अखेरीस ‘जेड’ या एका शब्दाची मराठी कोशातील नोंद कशी असावी हे मी आपल्यासमोर ठेवीन, असे मी कार्यवाहांना कबूल केले आहे. या एका शब्दामागे मी गेली अनेक वर्षे आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तो बाल्कनीतल्या कुंडीमुळे, म्हणजे जाड, मांसल पानांच्या ‘जेड प्लांट’मुळे माहीत असेल, काहींना तो सराफाच्या दुकानातल्या हिरवट, दुधी बांगडीमुळे माहीत असेल. दगड चीनमधला, नाव इंग्रजी, असे समजून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात हे नाव चिनी नाही आणि मुळात इंग्रजीही नाही. ते स्पॅनिश आहे, आणि स्पॅनिशमध्येसुद्धा ते मुळात कोणत्याही दगडाचे नाव नव्हते. ते माणसाच्या शरीराच्या एका भागाचे नाव होते.

तो शब्द असा आहे : इहादा. आजच्या स्पॅनिश लिपीत तो ‘इ’ या अक्षराने सुरू होतो आणि त्यातील ‘ज’च्या चिन्हाचा उच्चार घशातून, आपल्या ‘ख’ आणि ‘ह’ यांच्या दरम्यान होतो. अर्थ असा : शेवटच्या बरगड्यांच्या खाली आणि कमरेच्या हाडाच्या वर, दोन्ही बाजूंना जो मऊ, खोलगट भाग असतो, तो. मराठीत याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे कूस. आपण झोपेत कूस बदलतो, ती हीच. लॅटिनमध्ये या भागाला ‘इलिया’ म्हणत. वैद्यकाचे विद्यार्थी कमरेच्या ज्या हाडाला ‘इलिअम’ म्हणून पाठ करतात, त्याचे नावही याच मुळावर उभे आहे. या ‘इलिया’पासून बोलभाषेतल्या लॅटिनमध्ये ‘इलिआता’ झाले आणि त्यापासून स्पॅनिश ‘इहादा’.

स्पॅनिशमध्ये हा शब्द आजही जिवंत आहे. जनावराच्या कुशीला, माशाच्या पोटाकडच्या भागाला इहादा म्हणतात. धापा टाकणे या अर्थाचे ‘हादेआर’ हे क्रियापद तर याच शब्दापासून निघाले आहे. नांगर ओढून थांबलेल्या बैलाकडे ज्यांनी कधी पाहिले आहे, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही : धाप लागली की त्याच्या कुशी भात्यासारख्या वरखाली होतात. पूर्वी हे क्रियापद ‘इहादेआर’ होते. बोलता बोलता आरंभीचा ‘इ’ गळून पडला. हा ‘इ’ गळण्याचा प्रकार लक्षात ठेवावा, कारण पुढे आपल्या दगडाच्या बाबतीतही तोच घडणार आहे, मात्र वेगळ्या देशात आणि वेगळ्या कारणाने.

कूस दुखते म्हणजे काय, हे मला शब्दकोशातून शिकावे लागले नाही. माझ्या वडिलांना मुतखड्याचा त्रास होता. साताऱ्याच्या आमच्या घरात रात्री-अपरात्री ते एका हाताने कूस धरून, गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर पडत, आणि आजी चुलीवर हुलग्याचे माडगे ठेवी. सकाळी वैद्य पाषाणभेदाची मुळी देत. त्या वनस्पतीचे नाव मला तेव्हाही विलक्षण वाटे : ती कशी दिसते, तिला फूल कोणते येते याविषयी नाव काहीच सांगत नाही, ती काय करते असे लोक मानत, तेवढेच सांगते. पुढे स्पॅनिश शिकताना ‘पिएद्रा दे ला इहादा’, म्हणजे ‘कुशीचा दगड’, हे शब्द प्रथम वाचले तेव्हा मला पाषाणभेद आठवला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला माणसांनी अगदी याच रीतीने एका दगडाला नाव दिले होते.

आता हे नाव कोणी लिहून ठेवले, ते पाहू. निकोलास मोनार्देस हा स्पेनमधील सेव्हिल शहराचा वैद्य. तो अमेरिकेला कधीही गेला नाही. परंतु अमेरिकेहून येणारी जहाजे सेव्हिललाच लागत, आणि त्यांतून उतरणाऱ्या मुळ्या, साली, डिंक, बिया आणि दगड तो गोळा करी, रुग्णांना देऊन पाही आणि लिहून ठेवी. त्याच्या ग्रंथाचा पहिला भाग १५६५मध्ये सेव्हिललाच प्रसिद्ध झाला. त्यात तो कुशीच्या दगडाविषयी लिहितो : तो हिरवा असतो, अमेरिकेतील लोक त्याला मासे, पक्ष्यांची डोकी असे आकार देतात आणि भोक पाडून अंगावर बाळगतात, कुशीतील कळ आणि मूत्रपिंडातील खडा यांवर तो गुणकारी आहे. एका उमराव घराण्यातील स्त्रीची हकिकतही तो देतो : तिला थोड्या अवधीत तीनदा कुशीची कळ आली, तिने या दगडाचे कंकण करून हातात घातले आणि पुन्हा ती कळ तिला आली नाही. आजचे वैद्यक हे मान्य करणार नाही, आणि दगड हातात घालून मुतखडा विरघळत नाही हे मी इथे स्पष्टपणे सांगते. परंतु मोनार्देसने जे ऐकले आणि ज्यावर विश्वास ठेवला, ते प्रामाणिकपणे लिहिले, आणि त्याच्या त्या विश्वासामुळेच आज आपल्या कुंडीतल्या रोपाला हे नाव मिळाले आहे.

इथे मला थोडे आडवळण घेऊ द्यावे, कारण ते आपल्याच किनाऱ्यावर येते. मोनार्देसच्या ग्रंथाच्या दोनच वर्षे आधी, १५६३मध्ये, असाच एक ग्रंथ गोव्यात छापून झाला होता. त्याचा कर्ता गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४पासून गोव्यात राहत होता, आणि मुंबईचे बेट पोर्तुगालच्या राजाकडून त्याच्याकडे पट्ट्याने होते. पणजीच्या उद्यानाला त्याचे नाव आहे. मोनार्देस घरी बसून पश्चिमेकडची औषधे लिहीत होता आणि ओर्ता इथे राहून पूर्वेकडची. या दोघांचेही लॅटिन भाषांतर एकाच माणसाने केले : क्लुसिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने. ओर्ताचे १५६७मध्ये आणि मोनार्देसचे १५७४मध्ये, दोन्ही अँटवर्प शहरात. युरोपातल्या पंडितांनी आपला आंबा आणि मेक्सिकोचा हिरवा दगड यांच्याविषयी जे वाचले, ते एकाच लेखणीतून उतरलेल्या लॅटिनमध्ये. गोवा आणि सेव्हिल यांना जोडणारा हा दुवा आपल्या शाळांत सांगितला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता जी गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, तिच्याकडे वळते. काही वर्षांपूर्वी एका मराठी कोशाच्या कामात परकीय शब्दांच्या काही नोंदी माझ्याकडे आल्या होत्या. कोशाचे आणि संस्थेचे नाव मी घेणार नाही. त्या मंडळींनी इतर कितीतरी नोंदी उत्तम केल्या आहेत. माझ्या वाट्याला ‘जेड’ आला तेव्हा मला फार आनंद झाला. मी नोंद लिहिली, व्युत्पत्ती दिली, ‘स्पॅनिश इहादा, अर्थात कूस, मूळ प्रयोग कुशीचा दगड’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले, आणि सोळाव्या शतकातील जुने लेखन ‘ह’ या चिन्हाने सुरू होत असे, तेही कंसात नोंदवले. वर्षभराने छापील फर्मा हाती आला. त्यात माझ्या नोंदीत असे वाक्य होते : ‘स्पॅनिश भाषेत या रत्नास कन्येचा दगड असे म्हणतात.’

मी ते वाक्य तीनदा वाचले. कन्या कुठून आली? मग उलगडा झाला. संपादन करणाऱ्यांनी तपासणीसाठी एक छोटा स्पॅनिश कोश उघडला होता. मी दिलेल्या जुन्या लेखनाची पहिली चार अक्षरे त्यांना त्यात सापडली. तो शब्द ‘इहा’, आणि त्याचा अर्थ मुलगी. आधुनिक लेखनात मुलगी हा शब्द ‘ह’च्या चिन्हाने सुरू होतो, मात्र ते चिन्ह उच्चारले जात नाही. तेव्हा ‘कूस’ ही माझी चूक असावी असे समजून त्यांनी ती दुरुस्त केली, आणि वर चांगल्या मनाने अशी भर घातली की, हा दगड लेकीला लग्नात देण्याची प्रथा असावी.

मी पत्र लिहिले. उत्तर आले की, कूस आणि कन्या यांत अर्थाचे जवळचे नाते आहे, ‘कूस उजवणे’ असे आपण म्हणतोच, तेव्हा दोन्ही अर्थ सुसंगत आहेत. मी दुसरे पत्र लिहिले. त्यात मी समजावले की, मराठीत कूस म्हणजे बरगडीखालची बाजू आणि कूस म्हणजे गर्भाशय असे दोन्ही अर्थ आहेत हे खरे, पण स्पॅनिश इहादाला दुसरा अर्थ नाही. आणि आपल्या भाषेतला श्लेष दुसऱ्या भाषेच्या इतिहासावर लादता येत नाही. तिसऱ्या पत्राला उत्तर आले नाही. फर्मा छापून गेला होता. आजही त्या कोशात तो दगड कन्येचा आहे, आणि तो कोश वापरून लिहिलेल्या एका दिवाळी अंकातल्या लेखात ‘स्पेनमध्ये मुलीच्या लग्नात जेड देतात’ असे विधान मी स्वतः वाचले आहे.

या प्रकरणाने मला फार दुःख दिले, परंतु त्यातून एक गोष्ट अशी मिळाली, जी त्या चुकीशिवाय माझ्या लक्षात आली नसती. ‘इहा’ आणि ‘इहादा’ यांचे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. लॅटिनमध्ये ‘लि’ आणि त्यापुढे स्वर आला की स्पॅनिशमध्ये त्या जागी हा घशातला ‘ह’ येतो, असा ध्वनिबदलाचा नियम आहे. लॅटिन ‘फोलिया’ म्हणजे पाने, त्याचे स्पॅनिश ‘ओहा’. ‘फिलिया’ म्हणजे मुलगी, तिची झाली ‘इहा’. आणि ‘इलिआता’ची झाली ‘इहादा’. म्हणजे मुलगी आणि कूस हे दोन शब्द मुळात निराळे, पण एकाच गिरणीतून दळून निघाले म्हणून सारखे दिसू लागले. संपादकांनी पाहिलेले साम्य खरे होते; त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. व्युत्पत्तीच्या अभ्यासात सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि त्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना आजही हेच उदाहरण देते.

आता कुशीचा दगड देशोदेशी कसा फिरला, ते पाहू. प्रत्येक भाषेने या दगडाला शरीराची निराळी जागा दिली आहे. स्पॅनिशने त्याला कूस दिली. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या पंडितांना कूस ही जागा फार ढोबळ वाटली असावी. त्यांनी दुखण्याच्या मुळाशी जाऊन त्याला मूत्रपिंडाचा दगड, ‘लापिस नेफ्रिटिकस’, म्हटले. ग्रीक ‘नेफ्रोस’ म्हणजे मूत्रपिंड. आपल्या शहरांत ज्यांच्या पाटीवर ‘नेफ्रॉलॉजिस्ट’ असे लिहिलेले असते, त्यांच्या विद्येचे नाव आणि ‘नेफ्राइट’ या खनिजाचे नाव हे एकाच शब्दाचे दोन वारस आहेत. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले दक्षिण अमेरिकेच्या गियाना प्रदेशात जाऊन आला आणि १५९६मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात त्याने लिहिले की, तिथे एक हिरवा दगड आहे, स्पॅनिश लोक त्याला इहादाचा दगड म्हणतात आणि आपण इंग्रज तो पानथरीसाठी वापरतो. पानथरी म्हणजे प्लीहा. कुशीतून निघालेला दगड लॅटिनमध्ये मूत्रपिंडापाशी आणि इंग्रजीत प्लीहेपाशी पोहोचला.

आणि मग हृदय. ही कडी मला सर्वांत प्रिय आहे, कारण ती आपल्या रोजच्या मराठीत येऊन थांबते. मोगल दरबारात मध्य आशियातल्या खोतानकडून येणाऱ्या जेडचे चषक, खंजिरांच्या मुठी आणि गळ्यात घालायचे चपटे ताईत करीत. फारसीत या दगडाला ‘यश्म’ म्हणत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात जेडच्या वस्तूंचे स्वतंत्र दालन आहे, त्यात नूरजहानच्या नावाने ओळखला जाणारा खंजीर आहे. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी अवश्य पाहावा. गळ्यातल्या त्या ताइताला ‘हौलदिली’ म्हणत. अरबी ‘हौल’ म्हणजे धास्ती आणि फारसी ‘दिल’ म्हणजे हृदय. छातीवर टेकलेला तो थंड दगड हृदयाची धडधड आणि धास्ती शांत करतो, असा समज होता. आता ‘हौलदिल’ हा शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून पाहावा. पीक गेले, शेतकरी हवालदिल झाले, असे आपण वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात वाचतो. तो हाच शब्द. दगड आपल्याकडे राजेरजवाड्यांपुरता राहिला, पण तो ज्या दुखण्यावरचा उतारा समजला जाई, त्या दुखण्याचे नाव मराठीने घराघरांत ठेवून घेतले.

एकच दगड स्पेनमध्ये कुशीवर, लॅटिनमध्ये मूत्रपिंडावर, इंग्लंडमध्ये पानथरीवर आणि आग्र्याला हृदयावर गुणकारी ठरतो, यावरून मी एवढेच म्हणते की ही नावे दगडाविषयी सांगत नाहीत, ती माणसाच्या वेदनेविषयी सांगतात. ‘खडा’ या आपल्या शब्दाचे उदाहरण घ्या. अंगठीत बसवतो तोही खडा आणि मूत्रपिंडात होतो तोही मुतखडा. स्पॅनिशमध्येही ‘पिएद्रा’ म्हणजे दगड, आणि मुतखड्याच्या विकाराला ‘दगडाचा आजार’ असेच म्हणत. आतल्या खड्यावर बाहेरचा खडा बांधावा, ही कल्पना दोन्हीकडच्या माणसांना सुचावी, यात मला नवल वाटत नाही.

ज्यांचा तो दगड होता, त्या लोकांना मात्र कुशीशी काही देणेघेणे असल्याचे दिसत नाही. मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेत त्याला ‘चाल्चिउइत्ल’ म्हणत. पाण्याच्या देवतेचे नाव ‘चाल्चिउत्लिक्वे’, म्हणजे जिचे वस्त्र या दगडाचे आहे ती. माया लोक मृताच्या तोंडात या दगडाचा मणी ठेवीत, आणि मेक्सिकोतल्या पालेंके येथे १९५२मध्ये उघडलेल्या पाकाल राजाच्या समाधीत त्याच्या चेहऱ्यावर याच दगडाच्या तुकड्यांचा मुखवटा होता. मेक्सिकोच्या मोतेसुमा राजाने स्पॅनिश सेनानी कोर्तेसला हे खडे देताना सांगितले की, यांतला एकेक खडा सोन्याच्या दोन ओझ्यांच्या मोलाचा आहे. स्पॅनिश सैनिकांना हे पटले नाही. त्यांचे डोळे सोन्यावर होते. पण बेर्नाल दिआस नावाच्या सैनिकाला पटले होते. १५२०च्या ३० जूनच्या रात्री स्पॅनिश सैन्य राजधानीतून जीव घेऊन पळाले, तेव्हा कित्येक जण अंगावरच्या सोन्याच्या भाराने पाण्यात बुडाले. बेर्नाल दिआसने मात्र चार चाल्चिउइत्ल चिलखताच्या आत छातीशी लपवले, आणि पुढे म्हातारपणी त्याने लिहून ठेवले की, त्या चार खड्यांच्या किमतीवर त्याच्या जखमा बऱ्या झाल्या आणि पोटाला अन्न मिळाले. या दगडाने माणूस बरा झाल्याची मला खरी वाटणारी हकिकत ही एवढीच.

‘इहादा’चे ‘जेड’ कसे झाले, ते आता सांगते. स्पॅनिश शब्द फ्रेंचमध्ये गेला तो ‘एजाद’ या रूपाने. फ्रेंचमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या नामामागे ‘ल’ हे उपपद जोडून येते, म्हणून ‘लेजाद’ असे ऐकू येई. सतराव्या शतकातील व्वात्यूर या लेखकाच्या पत्रात हे रूप आढळते. पुढे ऐकणाऱ्यांनी हा शब्द चुकीच्या जागी तोडला आणि ‘ल एजाद’चे ‘ल जाद’ झाले. आपल्याला याचे जवळचे उदाहरण नारंगीचे आहे : तिचा आरंभीचा ‘न’ इंग्रजीत पोहोचण्यापूर्वीच, युरोपातल्या दुसऱ्या भाषांत, असाच गळला आणि इंग्रजीत ‘ऑरेंज’ आले. तर, ‘जाद’ फ्रेंचमधून इंग्रजीत ‘जेड’ झाला, आणि तोच फ्रेंच शब्द स्पॅनिशमध्ये परत गेला. तिथे आज या खनिजाला ‘हादे’ म्हणतात. जाताना तो स्त्रीलिंगी होता, येताना पुल्लिंगी होऊन आला. कूस म्हणजे ‘इहादा’ आणि खनिज म्हणजे ‘हादे’ असे दोन्ही शब्द आता स्पॅनिशमध्ये शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. माझ्या एका स्पॅनिश मैत्रिणीला मी हे सांगितले, तेव्हा तिने नकळत आपल्या कुशीवर हात ठेवला.

कार्यवाहांची चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली आहेत. मुख्य विषय तर अजून राहिला आहे, तेव्हा तो आता भराभर सांगते.

शास्त्राच्या दृष्टीने ‘जेड’ हे एक खनिज नाही. १८६३मध्ये आलेक्सी दामूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एकाच नावाने ओळखले जाणारे हे दगड दोन निराळ्या रासायनिक घडणीचे आहेत. एक कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम यांचे सिलिकेट, ते नेफ्राइट. दुसरे सोडिअम आणि ॲल्युमिनिअम यांचे, त्याला दामूरने ‘जेडाइट’ असे नवे नाव दिले. जेडाइट थोडे अधिक कठीण आणि जड असते. नेफ्राइट तंतूंच्या घट्ट विणीमुळे फार चिवट असते. खोतानचा आणि मोगलांचा दगड नेफ्राइट, ब्रह्मदेशाचा जेडाइट. आणि मेक्सिको-ग्वातेमालातला, ज्याला प्रथम कुशीचा दगड म्हटले गेले तो, जेडाइट. म्हणजे मूत्रपिंडाचे लॅटिन नाव अखेर अशा दगडाला चिकटले, जो मोनार्देसच्या मनात नव्हताच. कोशकाराने हे सांगितले नाही, तर वाचकाचा गोंधळ कायम राहील.

दुसरे, ‘हरितमणी’ किंवा ‘हरिताश्म’ असा संस्कृत प्रतिशब्द घडवू नये. जेड नेहमी हिरवा नसतो. शाहजहानचा १६५७मधला प्रसिद्ध चषक, जो आज लंडनच्या संग्रहालयात आहे, तो पांढऱ्या नेफ्राइटचा आहे, आणि चीनमध्ये चरबीसारख्या पांढऱ्या जेडला शतकानुशतके मोठा मान आहे. शिवाय हिरवे रत्न म्हटले की मराठी माणसाला पाचू आठवतो, आणि पाचू हे तिसरेच खनिज आहे. ‘जेड’ हा शब्द रुळला आहे, तोच ठेवावा.

तिसरे, बाजारात ‘इंडियन जेड’ म्हणून जे विकतात, ते बहुधा हिरवे ॲव्हेंच्युरिन, म्हणजे क्वार्ट्झचा एक प्रकार असते. वापरातला हा अर्थ कोशात द्यावा आणि तो जेड नव्हे, असे तिथेच लिहावे. शब्द कुठून आला हे सांगणे जितके आवश्यक, तितकेच तो आज कोण कशासाठी वापरतो हेही सांगणे आवश्यक आहे. हीच रीत स्पॅनिशमधून आलेल्या इतर नावांनाही लागू करावी. ‘प्लॅटिनम’ पाहा : कोलंबियाच्या नद्यांत सोने गाळणाऱ्यांना हा पांढरा धातू नकोसा वाटे, म्हणून त्यांनी त्याला ‘प्लातीना’, म्हणजे चिल्लर चांदी, म्हटले. सोन्याच्या पंक्तीला बसणाऱ्या या धातूच्या मराठी नोंदीत हा अर्थ यायलाच हवा. त्याचा विस्तार आज शक्य नाही.

तेव्हा कबूल केल्याप्रमाणे माझी नोंद वाचून दाखवते. ‘जेड, पुल्लिंगी नाम. नेफ्राइट व जेडाइट या दोन भिन्न खनिजांना मिळून असलेले नाव. रंग हिरवा, पांढरा, काळसर, जांभळट. कोरीव वस्तू, दागिने व ताईत यांसाठी वापर. बाजारात काही वेळा हिरव्या ॲव्हेंच्युरिनलाही म्हणतात, ते वेगळे. जेडसारखी दिसणारी पाने असलेल्या शोभेच्या झाडासही. इंग्रजीतून, इंग्रजीत फ्रेंचमधून, फ्रेंचमध्ये स्पॅनिश इहादा, अर्थात कूस, यावरून, मूळ प्रयोग कुशीचा दगड, कारण कुशीतील कळ व मुतखडा यांवर तो गुणकारी समजला जाई. पाहा : हवालदिल.’

या नोंदीत एक जागा मी अजून पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. मुतखड्याची जी कळ पाठीतून कुशीत आणि कुशीतून खाली ओटीपोटात उतरते, तिच्यासाठी वैद्यकातले शब्द घरात कोणी वापरत नाही. आमच्याकडे आजी नुसतेच ‘कूस धरली’ म्हणे. वऱ्हाडात, खानदेशात, कोकणात, गोव्यात, बेळगावकडे याला जे म्हणत असतील ते शब्द मला हवे आहेत. दाराशी कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने आपल्या घरचा शब्द आणि गावाचे नाव लिहून द्यावे. आता प्रश्न घेते.